मजबूत बाजू

ज्या विमान कंपनीच्या भल्याबुऱ्याचा विचार करायला मला पगार मिळतो, तिचं एकही विमान नागपूरला उतरत नाही. वरून जातात. प्रताप नगरातल्या आमच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढताना कधीकधी आभाळात पांढरी रेघ दिसते, आणि माझा नवरा म्हणतो, "पाह्य, तुह्यं सासर चाललं." मी त्यातल्या एकाही विमानात बसलेली नाही आणि बसेन असं वाटतही नाही. पण त्या कंपनीचं इंधन कुठे जास्त जळतं, कोणत्या मार्गावर तिच्या महागाच्या खुर्च्या रिकाम्या उडतात, कोणती दुसरी कंपनी तिची गिऱ्हाइकं पळवते, हे मला आमच्या घरच्या किराण्यापेक्षा जास्त पाठ आहे.

ऑफिस मिहानमध्ये, म्हणजे विमानतळालगतच्या उद्योगवसाहतीत, काचेच्या इमारतीत. त्याआधी मी एका खासगी कॉलेजात तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवत होते. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तेवढ्यापुरत्या तुम्ही मॅडम, सुट्ट्या लागल्या की कोणी ओळख देत नाही. तिथे फळ्यावर मी वर्षानुवर्षं चार चौकोन काढले. मजबूत बाजू, कमकुवत बाजू, संधी, धोके. कोणताही धंदा घ्या, त्याला या चार चौकोनांत बसवता येतं, असं मी पोरांना सांगायची. पोरं मागच्या बाकावर पेंगायची. मिहानमध्ये आल्यावर कळलं की सगळं जग खरंच या चार चौकोनांवर चाललंय, आणि इथे पेंगून चालत नाही.

आमचं काम असं. दूरदेशीच्या मुख्य कार्यालयातून एखाद्या शहराचं नाव यायचं. तिथे कंपनीची विमानं जातात, तिथल्या विमानतळावर कंपनीचे काउंटर आहेत, माणसं आहेत. आम्ही नागपुरात बसून त्या शहराचे चार चौकोन भरायचे. फेरी ठेवावी की बंद करावी, काउंटर निम्मे केले तर चालेल का, सामानाचं काम बाहेरच्या ठेकेदाराला देता येईल का. आम्ही लिहायचो, वरचे लोक ठरवायचे. कधीकधी सहा महिन्यांनी त्या शहराचं नाव यादीत दिसायचंच नाही. तेव्हा समजायचं की आमचं विश्लेषण मान्य झालं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक सहकारी बसायची. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. विणकराच्या घरची, जुन्या नागपुरातल्या एका चिंचोळ्या गल्लीतली. तिच्या वडिलांचे हातमाग कधीचेच बंद पडले होते. एका मागाच्या लाकडाचा त्यांनी घरात माळा करून घेतला, आणि ती म्हणायची की आम्ही बाबाच्या धंद्यावर गोधड्या ठेवतो. नवरा लग्नाच्या मांडवांची कामं करायचा, म्हणजे हंगाम असला तर काम, नाही तर घरी. महिन्याच्या महिन्याला खात्रीने येणारा पगार घरात तिचा एकटीचा. रोज सीताबर्डीला मेट्रो बदलून ती मिहानला यायची, आणि येताना केसात मोगऱ्याचा गजरा असायचा, हिवाळा सोडून. त्या थंडगार हॉलमध्ये तेवढाच एक माणसांच्या जगातला वास असायचा.

कामात ती चांगली होती. फार हुशार बिशार म्हणणार नाही मी, पण नेटकी. एकच खोड होती, ती मधूनच विचारायची.

"ताई, ह्या काउंटरवाल्या बायायचं काय होत असन?"

"कोणत्या बाया?"

"आपण लिहून राह्यलो न, चार काउंटर कमी करा म्हणून. तिथं कोणी बसत असन न."

"त्या पानावर बाया राहत नाही वं," मी म्हणायची. "तिथं नुसते काउंटर राहते."

ती हसायची आणि पुढचं पान उघडायची. मलाही तेव्हा माझं उत्तर मोठं चलाख वाटायचं.

आता आमच्या ऑफिसातला एक रिवाज सांगितला पाहिजे, नाही तर पुढचं कळणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून मारबत निघते. मारबतीचे मोठाले पुतळे, आणि त्यांच्यासोबत गल्लोगल्लीचे बडगे. बडग्या म्हणजे बांबूचा नि कागदाचा बाप्या, त्या वर्षी ज्याने लोकांना छळलं त्याचं सोंग. अख्खं शहर रस्त्यावर येऊन ओरडतं, इडापिडा घेऊन जा गे मारबत, आणि शेवटी सगळं जाळून टाकतात. शहराला त्या दिवशी सुट्टी असते. आमच्या ऑफिसला नसते, कारण आमचं कॅलेंडर विमान कंपनीचं, आणि विमान कंपनीला मारबत काय माहीत. म्हणून आम्ही आपसात वाटणी करून घेतली होती. ज्यांची घरं जुन्या शहरात, ते मारबतीला जायचे आणि आम्ही पश्चिमेकडचे त्यांचं काम सांभाळायचो. मग आठवड्याभराने महालक्ष्म्या बसल्या की आमच्या घरी आंबील, पुरण, फुलोरा, पंगती, आणि तेव्हा ते आमचं सांभाळायचे. कागदावर कोणीच रजेवर नसायचं. सरांना ठाऊक होतं, सरांचाच आशीर्वाद होता. मारबत तुमची, महालक्ष्म्या आमच्या, असं आम्ही म्हणायचो. त्या ऑफिसात तेवढी एकच गोष्ट आमच्या मनाची होती.

सर म्हणजे आमच्या केंद्राचे प्रमुख. पक्के नागपूरकर. मधली काही वर्षं पुण्यात काढून परत आलेले, आणि पुण्यात कोणी त्यांच्या बोलण्याला हसलं असावं, कारण तेव्हापासून नागपूर कसं कुणापेक्षा कमी नाही हे जगाला दाखवण्याचा त्यांनी वसा घेतला होता. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या देताना जीभ अडखळली नसती.

त्या वर्षी ती पोळ्याच्या आधीपासूनच खुशीत होती. तोवर ती कंत्राटावर होती आणि सरांनी तिचं नाव कायम करायला पाठवलं होतं.

"यंदा मले कायम करून राह्यले ताई. सरनं सोता सांगतलं."

"मग पार्टी कधी?"

"महालक्ष्म्याले तुमच्या घरी जेवाले येतो न, तेच पार्टी."

"आणि माहं काम कोण पाहीन?"

"हे बी खरंच आहे," म्हणून ती खो खो हसली.

पोळ्याच्या दिवशी ती उशिरापर्यंत थांबली. दुसऱ्या दिवशीचं सगळं लावून ठेवलं. कोणते आकडे कुठून येणार, कोणत्या शहराचं काय अर्धं राहिलंय, कुठे फक्त जुळवून पाठवायचं. घरी पाहुणे यायचे असले की आदल्या दिवशी बाई भाज्या निवडून, चिरून, डाळ भिजत घालून ठेवते, तसं. मला फक्त फोडणी द्यायची होती.

"जा वं आता," मी म्हटलं. "नाच जाऊन उद्या."

"तुम्हाले त्रास होईन ताई."

"महालक्ष्म्याले फेडशीन."

आणि नेमके त्याच मारबतीच्या दिवशी पाहुणे आले. तारीख तिकडून ठरली होती. कंपनीने आपल्या सगळ्या कारभाराचं नव्याने विश्लेषण करायला एक सल्लागार संस्था लावली होती, आणि मुख्य कार्यालयाची मंडळी तिचा एक माणूस बरोबर घेऊन आमचं केंद्र बघायला येणार होती. सरांना दोन दिवस आधी कळलं. सरळ सांगता आलं असतं की त्या दिवशी शहराला सुट्टी आहे, एक दिवस पुढे या. पण पाहुण्याला नाही म्हणणं आमच्या सरांच्या रक्तात नाही. ते सगळ्यांना थांबवून घेऊ शकले असते. तेही त्यांनी केलं नाही, मारबतीला कोणाला अडवणं हेही त्यांच्या रक्तात नाही. मग उरलं काय?

सकाळी सर कोट घालून आले, भाद्रपदाच्या उकाड्यात. टेबलावर संत्रा बर्फी आणि कोथिंबिरीची सांबारवडी मांडली. पाहुणे चौघे होते. एक वयस्क बाई, हिशेबखात्यातले दोघे आणि सल्लागार संस्थेचा तो तरुण. त्याने बर्फीचा तुकडा उचलला, चांगला आहे म्हणाला, आणि हॉलभर नजर फिरवून विचारलं की इतक्या खुर्च्या रिकाम्या का?

सर फुलून आले. त्यांना जणू याच प्रश्नाची वाट होती. आज आमच्या शहराचा सण आहे, त्यांनी इंग्रजीत सांगितलं, निम्मी माणसं मिरवणुकीला गेली आहेत. पण काम बघा. काम पूर्ण! मग त्यांनी आमची वाटणी सांगितली, मारबत आणि महालक्ष्म्या, कोण कोणाचं कसं सांभाळतं, सगळं हात हलवून, रंगवून. नागपूरची माणसं एकमेकांना धरून राहतात, ते म्हणाले. निम्मे असलो तरी आम्ही कमी पडत नाही. वयस्क बाईंना ते फार आवडलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनीही वाजवल्या, आणि आम्हा उरलेल्यांचा फोटो काढला. रिकाम्या खुर्च्यांसकट.

तो तरुण माझ्याजवळ आला. मी त्या दिवशी डबा उघडला नव्हता. पाठीत कळ येत होती, डोळे चुरचुरत होते. त्याने माझ्या संगणकाच्या पडद्यावरची पानं बघितली आणि विचारलं, यातलं तुमचं कोणतं आणि त्या सुट्टीवरच्या बाईंचं कोणतं? मी सांगितलं. त्याने पुन्हा बघितलं आणि म्हणाला, मला फरक कळत नाही.

मला बरं वाटलं. का वाटू नये? काम बिघडवून ठेवायला हवं होतं मी? ज्याने एकही दिवस दुसऱ्याचं काम अंगावर घेतलेलं नाही त्याने मला शहाणपण शिकवू नये. मी काम केलं, नीट केलं, माझं काहीही चुकलेलं नाही.

आठवड्याभराने महालक्ष्म्या बसल्या. मी घरी होते, पंगती वाढत होते. ऑफिसात तिने माझं आणि स्वतःचं असं दोघींचं काम एकटीने ओढलं, तेही एका मोठ्या मार्गाच्या फेरतपासणीच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मी संगणक उघडून बघितला तर काम माझ्यापेक्षा स्वच्छ. मी तिला पुरणपोळ्यांचा डबा दिला. पण त्या दिवशी कोणी पाहुणे आले नव्हते, कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, कोणी फोटो काढला नव्हता. पाहुणे जर मारबतीऐवजी महालक्ष्म्यांना आले असते, तर आज ती तिथे बसली असती आणि हे सगळं मी घरी बसून लिहिलं असतं. एवढाच फरक. याला कोणी व्यूहरचना म्हणत असेल तर म्हणो बापडे.

दिवाळीनंतर त्या मोठ्या विश्लेषणाची पानं येऊ लागली. सल्लागारांनी सांगाडा केला होता, मांस आम्ही भरायचं. विमानं कोणती विकावी, कोणत्या मार्गांवर वाढवावी, इंधनाचं काय, प्रतिस्पर्धी काय करतात. भारदस्त काम होतं आणि आम्ही जीव लावून केलं. ती तर तेव्हा घरी जातानाही मेट्रोत मोबाइलवर विमानांचे प्रकार वाचायची. कायम व्हायचं पत्र काही आलं नव्हतं. सर म्हणायचे, वरून येऊन राह्यलं.

नागपूर केंद्राचं पान मात्र तिकडूनच तयार होऊन आलं. आधी सरांनी बघितलं. दुपारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं, कचोऱ्या मागवलेल्या, चेहरा उजळलेला.

"आपण मजबूत बाजूत आहो!" ते म्हणाले. "पाहा! साऱ्या कंपनीत आपलं एकच केंद्र असं लिहिलं आहे."

भिंतीवर पान लावलं होतं. चार चौकोन. पहिल्या चौकोनात लिहिलं होतं की नागपूर केंद्र निम्म्या मनुष्यबळात पूर्ण काम देतं, दर्जात फरक पडत नाही, हे प्रत्यक्ष भेटीत पाहिलेलं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या, कचोरी डाव्या हातात धरून. मी वाजवल्या नाहीत. मी ते चौकोन फळ्यावर इतकी वर्षं काढलेत, मला माहीत आहे की पहिल्या चौकोनातलं वाक्य खाली संधीच्या चौकोनात काय होऊन उतरतं. मी खाली बघितलं. तिथे एकच ओळ होती. केंद्राचा आकार निम्मा करता येईल.

"सर," मी म्हटलं, "खालचं वाचा."

त्यांनी वाचलं. कचोरी तोंडाशी नेलेली तशीच राहिली. हॉलमध्ये काही जणांना लगेच कळलं, काहींना शेजारच्याने सांगितलं. ती माझ्याकडे बघत होती. ती काउंटरवाल्या बायांबद्दल विचारायची ना, तसंच बघत होती.

"मी तं तारीफच केली होती न ताई!" संध्याकाळी पार्किंगमध्ये सर मला म्हणाले. "तुमच्यासमोर केली. मी काही वाईट बोललो का जी?"

"नाही सर. तुम्ही लय चांगलं बोलले."

"मग?"

"मग काय. त्यायनं ऐकून घेतलं."

पुढच्या आठवड्यात तिकडच्या लोकांशी पडद्यावर बैठक होती. मी ठरवलं होतं की बोलायचं. मी सांगितलं की तुम्ही जो दिवस पाहिला तो एकच दिवस होता. त्याच्या आदल्या दिवशी त्या बाईने सगळं तयार करून ठेवलं होतं, म्हणून मी ते पुरं करू शकले. रोज निम्मी माणसं असतील तर आदल्या दिवशी तयार कोण करणार? तुम्ही फोडणी पाहिली आणि म्हणालात, स्वयंपाकाला एक बाई पुरे. फोडणीचं अर्थातच इंग्रजीत नीट झालं नाही. तो तरुण लक्ष देऊन ऐकत होता. हे महत्त्वाचं आहे, म्हणाला, याची नोंद घेतो. आणि घेतली. सुधारलेलं पान आलं तेव्हा दुसऱ्या, कमकुवत बाजूच्या चौकोनात दोन नवे शब्द होते. स्थानिक सण.

मला त्या दिवशी इतका राग आला की मी जिन्यात जाऊन एकटी उभी राहिले. रडले नाही. ज्याच्यापुढे रडावं असं तिथे कोणी माणूसच नव्हतं.

कोण राहणार आणि कोण जाणार, हे ठरवायला त्यांना फार डोकं लावावं लागलं नाही. भेटीच्या दिवशी जे हजर होते त्यांनी काम चालवून दाखवलंच होतं. जे नव्हते त्यांच्यावाचून अडलं नव्हतं. फोटोही होता. पश्चिम नागपूर राहिलं, जुनं नागपूर गेलं. संक्रांतीच्या सुमाराला सरांनी एकेकाला आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता. खुर्चीत बसून तिने आधी अर्धवट राहिलेलं एक पान पूर्ण केलं, पाठवलं, मग खण आवरायला घेतला. एक पाण्याची बाटली, हळदीकुंकवाला वाटायला आणलेल्या स्टीलच्या वाट्या, एक शाल. सगळं एका पिशवीत मावलं.

मी तिला सीताबर्डीपर्यंत सोडायला गेले. माझी गाडी ऑफिसातच ठेवली आणि तिच्यासोबत मेट्रोने गेले. वाटेत ती मुलीच्या शाळेचं बोलली, नवऱ्याचं बोलली, आता लग्नाचा हंगाम आहे तर काही दिवस निभेल म्हणाली. सीताबर्डीला गर्दी उतरली, दुसरी चढली. आम्ही खांबाजवळ उभ्या राहिलो. तिची गाडी येऊन लागली तरी ती चढली नाही. माझ्या हाताला धरून म्हणाली,

"ताई, एक विचारू? त्या दिवशी माह्यं काम इतकं चांगलं काहून केलं जी तुम्ही?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते. मी म्हणाले असते, तूच तर तयार करून ठेवलं होतंस. मी म्हणाले असते, महालक्ष्म्यांना तू माझं केलंस ते काय वाईट केलंस? पण ती खरंच विचारत होती. मी तिच्या पिशवीचा बंद सारखा केला. मग तिची दुसरी गाडी आली आणि ती गेली.

आता ती सीताबर्डीतच एका साड्यांच्या दुकानात उभी असते. उभी म्हणजे खरोखर उभी, बसायला मिळत नाही. बापाचे माग ज्या यंत्राच्या साड्यांनी बंद पाडले त्याच साड्या उलगडून दाखवते आणि घड्या घालते. मी एकदा गेले होते. तिने मला चहा पाजला, मालकाच्या नजरेकडे लक्ष ठेवून. मी नको असलेली एक साडी घेतली, आणि ती घेतल्याची आम्हा दोघींनाही लाज वाटली. नंतर मी गेले नाही.

ऑफिसात आम्ही निम्मे उरलो. काम पूर्ण आहे. शेजारच्या खुर्चीचं काम आता रोज माझंच असतं, आणि कोणी टाळ्या वाजवत नाही. वाटणी आपोआप मोडली. सांभाळायला कोणी असेल तर सांभाळण्याचा रिवाज. शिवाय आता प्रत्येक जण भितो. कोणाची तब्येत बरी नसली तरी तो येऊन बसतो, कारण आपल्यावाचून एक दिवस चाललं तर काय होतं हे सगळ्यांनी पाहिलंय. सर अजूनही बर्फी आणतात. कोणी फार खात नाही.

यंदाचा पोळा आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले नाही ऑफिसला. कोणाला सांगितलं नाही, कोणाला सांभाळायला सांगितलं नाही, आदल्या दिवशी काही लावूनही ठेवलं नाही. मुद्दाम. अर्धी पानं अर्धीच सोडली. म्हटलं, पडू दे खोळंबा. एकदा तरी त्यांना कळू दे की माणूस नसलं की काम अडतं. हे जर मी त्या मारबतीला केलं असतं तर, असं जे माझ्या मनात वर्षभर फिरत होतं, ते यंदा मी करून पाहिलं.

तिला फोन केला आणि तिच्या गल्लीत गेले. दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती. गल्लीत ढोल वाजत होता, पोरं लाकडी बैल घेऊन हिंडत होती. मला वाटलं होतं की यांच्या बडग्याला कोट-टाय असेल, विमानाचे पंख असतील, काहीतरी आमचं असेल. तिच्या भावानेच तर बडग्या बांधला होता. पण तो बडग्या रस्त्यातल्या खड्ड्यांचा होता. पोटाला मोठं भोक पाडलेलं, आणि त्यात एक प्लास्टिकची स्कूटर.

"मले वाटलं, कंपनीचा करान," मी म्हटलं.

"सगळ्यायच्या त्रासाचा विषय लागते ताई," ती म्हणाली. "माह्यी नोकरी गेली त्याचं गल्लीले काय?"

ती नाचली नाही. आम्ही दोघी एका ओट्यावर उभ्या राहिलो. मारबत आली, लोक बेंबीच्या देठापासून ओरडू लागले. मीही ओरडले. काय घेऊन जा हे माझ्या तोंडून नीट निघालं नाही, नुसतं घेऊन जा, घेऊन जा. तिने माझ्याकडे वळून बघितलं.

"आज तुमचं काम कोण पाहून राह्यलं जी?"

"कोणीच नाही."

"कोणीच नाही?" ती हसली. किती दिवसांनी ती तशी हसली. "मग वाजन आता तुमचा फोन."

मी फोन हातातच धरला होता. ढोलात ऐकू येणार नाही म्हणून मुठीत धरला होता. जेवायला तिच्या घरी बसलो तेव्हा ताटाशेजारी ठेवला. ती मधूनमधून त्याच्याकडे बघायची, मीही बघायची. दुपार सरली. मी घरी जायला निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली.  फोनची घंटी दिवसभरात एकदाही वाजली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात शिरले तर सर माझ्याच खुर्चीत बसलेले. मला पाहून घाईने उठले. डोळे लाल, पण चेहऱ्यावर तेच जुनं, छाती फुगवलेलं हसू.

"बिलकुल फिकर करू नका ताई," ते म्हणाले. "आम्ही सांभाळून घेतलं. मी सोता बसलो. वर पत्ताबी नाही लागू दिला."

मी पर्स खाली ठेवली.

"सर," मी विचारलं, "लय चांगलं तं नाही नं केलं?"

त्यांना ते कळलं नाही. ते हसले आणि बर्फीचा डबा पुढे केला. मी संगणक उघडला आणि आदल्या दिवशीची पानं एकेक करून बघत गेले. मी अर्धी सोडलेली सगळी पानं पूर्ण होती. एकही चूक नव्हती.